‘ए’पुढचा बाण : गॅरी किल्डॉल यांची कहाणी

काळाभोर पडदा, वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘ए’ हे एकच अक्षर, त्यापुढे बाणाच्या टोकासारखे एक चिन्ह आणि शेजारी लुकलुकणारी छोटी रेघ. आज ज्यांची पन्नाशी जवळ आली आहे किंवा उलटली आहे, त्यांच्यापैकी अनेकांची संगणकाशी पहिली गाठ पडली ती या दृश्यापाशी. नव्वदच्या दशकात महाराष्ट्रातील शहरांत गल्लोगल्ली संगणकाचे वर्ग निघाले होते. पादत्राणे बाहेर काढून वातानुकूलित खोलीत शिरायचे, फ्लॉपी खाचेत सरकवायची आणि पडद्यावर तो ‘ए’ उमटण्याची वाट पाहायची, हा तिथला शिरस्ता. तो उमटला की पुढे काय टंकायचे, हे वहीत लिहून घेतलेले असे. एखादे अक्षर चुकले की यंत्र नकार देई आणि पुन्हा तोच बाण दाखवून स्वस्थ बसे.

आज अभियांत्रिकीचे विद्यार्थी ‘रास्पबेरी पाय’ हा बँकेच्या कार्डाएवढा, एकाच पट्टीवर सामावलेला संगणक घरच्या टीव्हीला जोडतात, तेव्हा त्यांच्यासमोरही अशीच एक ओळ येते. तिचे रूप निराळे, घराणे निराळे. पण अर्थ तोच. यंत्र तयार आहे, आता आज्ञा द्यावी.

स्वस्त आणि लहान संगणकाला आज्ञा ऐकण्याची ही सवय ज्यांनी लावली, त्यांत गॅरी किल्डॉल यांचे नाव पहिल्या रांगेत घ्यावे लागते. संगणकाच्या इतिहासात मात्र त्यांची ओळख बहुधा एकाच किश्श्यापुरती उरली आहे. जगातील सर्वांत मोठी संगणक कंपनी दारात आली असताना हा गृहस्थ विमान उडवायला गेला होता, असा तो किस्सा. किल्डॉल यांचे आयुष्य त्या एका दुपारीहून पुष्कळच मोठे होते.

बंदरातले बालपण

गॅरी आर्लेन किल्डॉल यांचा जन्म १९ मे १९४२ रोजी अमेरिकेतील सिएटल या बंदराच्या शहरात झाला. वडिलांचे कूळ नॉर्वेचे. कुटुंबाची नौकानयनाची शाळा होती. नकाशा, तारे आणि गणित यांच्या आधारे जहाजाचे स्थान कसे काढावे, हे तिथे शिकविले जाई. गॅरी शाळेत फार हुशार म्हणून गणले जात नव्हते, मात्र यंत्रांची खटपट करण्याची त्यांना विलक्षण आवड होती. तरुणपणी त्यांनी घरच्या शाळेत काही काळ शिकविलेही. पुढे आयुष्यभर उद्योजकाच्या अंगरख्याखाली जो शिक्षक डोकावत राहिला, तो इथेच घडला असावा.

गणिताचा शिक्षक व्हायचे, या हेतूने त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. तिथे संगणकाची ओळख झाली आणि मार्ग बदलला. १९६३ मध्ये शालेय जीवनापासूनची मैत्रीण डोरोथी मॅकइवेन यांच्याशी त्यांचा विवाह झाला. व्हिएतनाम युद्धाचा तो काळ. तरुणांना सक्तीने सैन्यात बोलाविले जात होते. किल्डॉल यांच्या वाट्याला ही सेवा आली ती अध्यापनाच्या रूपाने : कॅलिफोर्नियातील माँटेरे येथील नौदलाच्या पदव्युत्तर महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकविण्याची. ती मुदत संपल्यावरही त्यांनी ती नोकरी सोडली नाही. १९७२ मध्ये त्यांनी वॉशिंग्टन विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. संगणकाला दिलेला प्रोग्रॅम अधिक काटेकोर आणि वेगवान कसा करावा, याविषयीचा त्यांचा १९७३ चा शोधनिबंध या विद्याशाखेत आजही अभ्यासला जातो. त्यात मांडलेली पद्धत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

एका चिपची हाक

१९७१ च्या अखेरीस इंटेल कंपनीने ‘४००४’ ही चिप बाजारात आणली. सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर असलेला हा बोटाच्या पेराएवढा तुकडा संगणकाच्या मेंदूचे काम करू शकत होता. एका सिग्नल यंत्रात किंवा गणनयंत्रात बसविण्यापलीकडे त्याचा काही उपयोग असेल, असे तेव्हा थोड्यांनाच वाटत होते. किल्डॉल त्या थोड्यांपैकी होते. त्यांच्याजवळ या चिपवर चालणारा संगणक नव्हता. तेव्हा त्यांनी महाविद्यालयातील आयबीएमच्या अजस्र संगणकावर असा प्रोग्रॅम लिहिला, की तो मोठा संगणक या लहान चिपची हुबेहूब नक्कल करू लागला. यंत्र हाती येण्याआधीच त्यांनी त्या यंत्रासाठी प्रोग्रॅम लिहायला सुरुवात केली होती.

माँटेरेहून इंटेलचे कार्यालय मोटारीने फार दूर नव्हते. सुटीच्या दिवशी किल्डॉल तिथे सल्लागार म्हणून जाऊ लागले. कंपनीने त्यांना आपल्या चिपवर आधारलेली यंत्रे वापरायला दिली. ती त्यांनी वर्गाच्या मागच्या बाजूला मांडली आणि विद्यार्थ्यांना हाताळू दिली. सूक्ष्मसंगणकाची शैक्षणिक प्रयोगशाळा म्हणावी, अशी ही जगातील अगदी सुरुवातीच्या जागांपैकी एक.

१९७३ मध्ये त्यांनी इंटेलसाठी ‘पीएल/एम’ ही भाषा तयार केली. तोवर सूक्ष्मप्रक्रियकाला काही सांगायचे, तर त्याच्या आकड्यांच्या भाषेत सांगावे लागे. पीएल/एममुळे माणसाला समजेल अशा शब्दांत लिहून, त्याचे चिपच्या भाषेत रूपांतर करणे शक्य झाले. सूक्ष्मप्रक्रियकासाठीची ही पहिली उच्चस्तरीय भाषा.

परसातल्या खोपटातला प्रयोग

अडचण वेगळीच होती. संगणक लहान झाला होता, पण त्याला माहिती पुरविण्याचे साधन जुनेच होते. टेलिटाइप नावाचे तारखात्यातल्यासारखे यंत्र आणि त्याला जोडलेली भोके पाडलेली कागदी फीत. तिचा वेग सेकंदाला १० अक्षरे. दोन किलोबाइटचा अगदी लहान प्रोग्रॅम संगणकात उतरवायचा झाला, तरी साडेतीन मिनिटे लागत. मध्येच फीत फाटली की पुन्हा आरंभापासून.

याच सुमारास आठ इंचांची फ्लॉपी तबकडी आली होती. एका तबकडीवर सुमारे २५० किलोबाइट मजकूर राही. फितीवरून तेवढा वाचायला सात तास लागले असते. किल्डॉल यांनी शुगार्ट कंपनीकडून चाचण्यांत वापरून झालेला एक फ्लॉपी ड्राइव्ह मिळविला. मात्र तो आणि संगणक यांना जोडणारा दुवा बनविणे त्यांना साधेना. विद्युतमंडलाची विद्या त्यांची नव्हती. अखेर विद्यापीठातील जुने मित्र जॉन टोरोडी मदतीला आले आणि त्यांनी नियंत्रक मंडल तयार केले.

१९७४ मधली गोष्ट. पॅसिफिक ग्रोव्ह या माँटेरेला लागून असलेल्या छोट्या गावात किल्डॉल यांचे घर होते आणि परसात अवजारे ठेवण्याचे खोपट. तिथे सारी जुळवाजुळव झाली. किल्डॉल यांनी आधीच लिहून ठेवलेली कार्यप्रणाली कागदी फितीवरून तबकडीवर उतरविली गेली, मग तबकडीवरून संगणक सुरू केला गेला आणि प्रॉम्प्ट उमटला. तो त्या दिवशी तारकाचिन्हाचा होता, असे किल्डॉल यांनी आठवणींत नोंदविले आहे. कार्यप्रणालीचे नाव पडले ‘सीपी/एम’. जगाच्या परिचयाचा ‘ए’ आणि त्यापुढचा बाण हे तिचेच पुढचे रूप.

किल्डॉल यांनी ही प्रणाली इंटेलला दाखविली. कंपनीला तीत फारसे स्वारस्य वाटले नाही. तिने पीएल/एम विकणे पसंत केले. पुढच्या काळाकडे पाहता हा नकार मोठाच ठरला; पण त्यामुळेच सीपी/एमचे हक्क तिच्या कर्त्याकडे राहिले.

प्रॉम्प्ट म्हणजे काय?

नाटकात विंगेत उभा राहून नटाला वाक्य सुचविणारा तो प्रॉम्प्टर, हे मराठी रसिकांना सांगायला नको. संगणकाचा प्रॉम्प्ट मात्र वाक्य सुचवीत नाही. आता बोलण्याची पाळी तुमची आहे, एवढेच तो कळवितो. अशी सोय मोठ्या, सामायिक वापराच्या संगणकांवर आधीपासून होती आणि किल्डॉल यांनी त्यांतून बरेच काही घेतले. कारखान्यात, विद्यापीठात किंवा लष्करात असलेल्या यंत्राची ही रीत एका माणसाच्या टेबलावरील यंत्रात, काही किलोबाइटच्या जागेत बसविणे, ही त्यांची कामगिरी.

सीपी/एमचा प्रॉम्प्ट वाचणे सोपे होते. ‘ए’ म्हणजे पहिला ड्राइव्ह. दुसऱ्या ड्राइव्हकडे वळायचे तर ‘बी’ लिहून विसर्गासारखी दोन टिंबे द्यायची आणि रिटर्नची कळ दाबायची. लगेच प्रॉम्प्टमध्ये ‘ए’च्या जागी ‘बी’ दिसे. म्हणजे आपण कुठे उभे आहोत, हे प्रॉम्प्टच सांगे.

पुढे आज्ञा. ‘डीआयआर’ असे टंकले की तबकडीवरील फायलींची यादी दिसे. ‘टाइप’ आणि फायलीचे नाव दिले की तिच्यातला मजकूर पडद्यावरून सरकू लागे. ‘आरईएन’ने नाव बदले, ‘ईआरए’ने फाइल पुसली जाई, आणि एखादी फाइल पुसताना यंत्र पुन्हा विचारीत नसे. नकल करण्यासाठी ‘पिप’ नावाचा प्रोग्रॅम होता. त्याला आधी कुठे न्यायचे ते सांगावे लागे, मग बरोबरचे चिन्ह आणि त्यानंतर कुठून न्यायचे ते. नवख्यांचा इथे हमखास गोंधळ उडे.

रिटर्नची कळ दाबल्यावर आत काय घडे, हे समजून घेण्याजोगे आहे. कारण मूळ कल्पना आजही तीच आहे. ओळ वाचणारा छोटा प्रोग्रॅम पहिला शब्द वेगळा काढी. तो आपल्या पोटातल्या मोजक्या आज्ञांपैकी आहे का, हे आधी पाही. नसेल, तर त्या नावाचा एखादा प्रोग्रॅम तबकडीवर आहे का, याचा शोध घेई. सापडला की तो स्मृतीत ठरलेल्या जागी उतरवून त्याच्या हाती सूत्रे देई. शब्दानंतर मोकळी जागा सोडून जे काही लिहिले असेल, ते त्या प्रोग्रॅमला निरोप म्हणून मिळे. काही सापडले नाही, तर तोच शब्द प्रश्नचिन्ह लावून परत दाखविला जाई. त्यावर रागावण्यात अर्थ नसे. शुद्धलेखन तपासायचे आणि पुन्हा लिहायचे.

स्मृती इतकी तुटपुंजी होती, की मोठ्या प्रोग्रॅमला जागा हवी असेल, तर हा ओळ वाचणारा प्रोग्रॅम स्वतःच्या जागेवर पाणी सोडी. पाहुणा निघून गेला की तबकडीवरून तो पुन्हा आणला जाई आणि प्रॉम्प्ट पुन्हा उमटे.

रास्पबेरी पायवर यातले किती ओळखू येते? त्याचा प्रॉम्प्ट ‘युनिक्स’ या दुसऱ्या घराण्याचा आहे. त्यात आधी वापरकर्त्याचे नाव, मग यंत्राचे नाव, मग आपण ज्या फोल्डरमध्ये आहोत त्याची खूण आणि शेवटी डॉलरचे चिन्ह असते. डॉलरच्या जागी दुहेरी काट्यांचे, चौकटीसारखे चिन्ह दिसले, तर यंत्राचा सर्वाधिकार हाती आहे, सबब जपून, असे समजावे. सीपी/एम लहान लिपीतील अक्षरे आपणहून मोठी करून घेई. इथे लहान आणि मोठे अक्षर वेगळे मानले जाते. शब्दांमधील मोकळी जागा, आज्ञा आधी आणि तपशील नंतर, चुकीच्या शब्दाला थेट नकार, ही शिस्त मात्र दोहींकडे सारखी. शेकडो किलोमीटर अंतरावरील दोन गावांत वेगळी बोली असावी आणि व्याकरण एक असावे, तसे हे आहे.

सतरा कामांची भिंत

किल्डॉल आणि डोरोथी यांनी मिळून ‘इंटरगॅलॅक्टिक डिजिटल रिसर्च’ नावाची कंपनी काढली. पुढे नावातला आकाशगंगांचा भाग गळून ‘डिजिटल रिसर्च’ एवढेच राहिले. डोरोथी व्यवहार पाहत, गॅरी प्रोग्रॅम लिहीत. छंद म्हणून संगणक जोडणाऱ्यांच्या मासिकांतून जाहिराती दिल्या गेल्या. किंमत ७० डॉलर.

त्या वेळी नवनव्या कंपन्या रोज नवे यंत्र काढीत होत्या. प्रत्येकाचा पडदा वेगळा, ड्राइव्ह वेगळा. प्रत्येक यंत्रासाठी कार्यप्रणाली पुन्हा लिहायची म्हटली, तर जन्म पुरला नसता. इमसाई या कंपनीच्या यंत्रासाठी काम करताना किल्डॉल यांनी यावर तोडगा काढला. यंत्रागणिक बदलणारा सगळा भाग त्यांनी एका बाजूला काढला. कळ वाचणे, अक्षर दाखविणे, तबकडीच्या अमुक पट्ट्यातील तुकडा आणणे, अशी ती छोटी छोटी कामे. सीपी/एमच्या २.२ या आवृत्तीत त्यांची संख्या अवघी १७ होती. या भागाला त्यांनी ‘बायोस’ म्हटले. यंत्र बनविणाऱ्याने तेवढी १७ कामे लिहून दिली, की उरलेली प्रणाली आणि तिच्यावर चालणारे सगळे प्रोग्रॅम जसेच्या तसे चालत. हा शब्द संगणकाच्या दुकानदारांच्या तोंडी पुढे कित्येक दशके राहिला.

या एका विभागणीने बाजार उघडला. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला आता यंत्राची पर्वा करण्याचे कारण उरले नाही. ‘वर्डस्टार’ हा मजकूर लिहिण्याचा आणि ‘डीबेस’ हा माहिती साठविण्याचा प्रोग्रॅम आधी सीपी/एमवर नावारूपाला आले. आपल्याकडील संगणक वर्गांच्या पाट्यांवर ही दोन नावे पुढे वर्षानुवर्षे झळकत होती. १९८० मध्ये जिम फर्ग्युसन यांनी आखलेला ‘बिग बोर्ड’ हा एकाच पट्टीवरचा संगणक आला. सुटे भाग घ्यायचे, स्वतः डाग देऊन जोडायचे, पडदा, कीबोर्ड आणि ड्राइव्ह लावायचा. घरी बनविलेल्या त्या यंत्रावरही कंपनीच्या महागड्या यंत्रासारखाच ‘ए’ उमटत असे. आज रास्पबेरी पाय हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला जो आनंद होतो, त्याची ही आधीची पिढी.

ऐन भरात असताना सीपी/एम सुमारे ३,००० प्रकारच्या संगणकांवर चालत होती. १९८१ मध्ये कंपनीची वार्षिक उलाढाल ५४ लाख डॉलरवर गेली होती. मायक्रोसॉफ्ट ही तेव्हा लहान असलेली कंपनीही सीपी/एमचा परवाना घेऊन ती ॲपल संगणकासाठीच्या आपल्या कार्डासोबत विकत होती.

ती दुपार

१९८० च्या उन्हाळ्यात आयबीएमने गुपचूप स्वतःचा वैयक्तिक संगणक बनवायला घेतला. तिचे अधिकारी आधी मायक्रोसॉफ्टकडे गेले. कार्यप्रणालीसाठी तिथून त्यांना डिजिटल रिसर्चचा पत्ता मिळाला.

ते पॅसिफिक ग्रोव्हला आले, त्या दिवशी सकाळी किल्डॉल स्वतःचे विमान घेऊन गेले होते, हे खरे. मात्र ते मौजेखातर गेले नव्हते. बिल गॉडबाऊट या व्यावसायिक ग्राहकाकडे कागदपत्रे पोहोचविण्याचे काम होते. परवान्यांची बोलणी नेहमी डोरोथीच करीत, त्यामुळे त्या दिवशीही त्या होत्या. आयबीएमने बोलण्याआधी गोपनीयतेच्या करारावर सही मागितली. तो करार एकतर्फी होता. वकिलाशी सल्लामसलत करून डोरोथी यांनी सहीला आढेवेढे घेतले. दुपारी किल्डॉल परतले. त्यानंतर कोण कोणाला भेटले आणि काय ठरले, याविषयी दोन्ही बाजूंच्या आठवणी जुळत नाहीत. एवढे दिसते, की पेच पैशांच्या रीतीवर पडला. आयबीएमला एकरकमी किंमत देऊन मोकळे व्हायचे होते. डिजिटल रिसर्च आजवर प्रत्येक प्रतीमागे मोबदला घेत आली होती.

आयबीएम पुन्हा मायक्रोसॉफ्टकडे वळली. सिएटलमध्येच टिम पॅटरसन या तरुण अभियंत्याने इंटेलच्या नव्या चिपसाठी एक कार्यप्रणाली लिहिली होती. सीपी/एमवरचे प्रोग्रॅम सहज आणता यावेत, म्हणून तिची बाहेरची मांडणी त्याने सीपी/एमच्या माहितीपुस्तिकेबरहुकूम ठेवली होती. फायली साठविण्याची आतली रीत वेगळी होती. मायक्रोसॉफ्टने तिचा परवाना घेतला आणि जुलै १९८१ मध्ये ५०,००० डॉलर देऊन सर्व हक्क विकत घेतले. १२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएमचा संगणक जाहीर झाला. सुरू केल्यावर त्याच्या पडद्यावर ‘ए’ आणि बाण उमटत होता.

किल्डॉल यांना हे आपल्या कामाचे अनुकरण वाटले. त्यांनी वकिलाचा सल्ला घेतला. प्रोग्रॅमची मालकी कुठवर पोहोचते, याबद्दल त्या वेळचा कायदा धूसर होता आणि प्रतिपक्ष बलाढ्य. तडजोड झाली : दाव्याचा हक्क सोडायचा, बदल्यात आयबीएम ‘सीपी/एम-८६’ ही त्यांची नवी प्रणालीही विकेल. ती १९८२ च्या वसंतात दुकानांत आली, तेव्हा किमतींच्या पाट्यांनीच निकाल लावला. मायक्रोसॉफ्टची प्रणाली ४० डॉलरला, किल्डॉल यांची २४० डॉलरला. ग्राहकाने सहापट रक्कम का मोजावी?

पुढे २००४ मध्ये हॅरॉल्ड इव्हान्स यांच्या अमेरिकी नवप्रवर्तकांवरील पुस्तकात किल्डॉल यांची बाजू ठळकपणे मांडली गेली. त्यावर पॅटरसन यांनी बदनामीचा दावा दाखल केला; तो २००७ मध्ये न्यायालयाने फेटाळला. प्रणालीचे श्रेय नेमके कोणाला किती, यावरचा वाद मात्र जाणकारांत चालूच राहिला.

हरल्यानंतरची वर्षे

या घटनेनंतर किल्डॉल कपाळाला हात लावून बसले, असा समज असेल तर तो खरा नाही. एकाच वेळी अनेक कामे करणाऱ्या प्रणाली त्यांच्या कंपनीने काढल्या. १९८५ मध्ये ‘जेम’ हे चित्रांतून चालणारे माध्यम आणले. त्याच वर्षी, त्यांनी काढलेल्या दुसऱ्या कंपनीच्या प्रयत्नांतून ग्रोलियर विश्वकोश सीडी-रॉमवर आला. तबकडीवरच्या विश्वकोशाचा तो आरंभ होता. १९८३ ते १९९० या काळात अमेरिकेतील सार्वजनिक दूरचित्रवाणीवरील ‘कॉम्प्युटर क्रॉनिकल्स’ या कार्यक्रमाचे ते सहसूत्रधार होते. उंच, हसतमुख, मंद आवाजात बोलणारा हा माणूस प्रतिस्पर्ध्यांची यंत्रेही तितक्याच कुतूहलाने समजावून सांगत असे. त्याच्यातला मास्तर तिथे खुललेला दिसे.

१९९१ मध्ये नॉव्हेल कंपनीने डिजिटल रिसर्च विकत घेतली. किल्डॉल यांच्याकडे पैसा आला. ते टेक्सासमधील ऑस्टिनजवळ राहायला गेले. विमाने होती, वेगवान मोटारी होत्या. डोरोथी यांच्यापासून ते त्याआधीच विभक्त झाले होते. मद्याने त्यांना ग्रासत नेले. कोणत्याही सभेत गेले, तरी त्या दुपारीविषयी विचारले जाई. प्रत्येक वेळी तेच उत्तर द्यायचे आणि समोरच्याच्या चेहऱ्यावर अविश्वास वाचायचा, हे सोपे नव्हते. १९९२ मध्ये त्यांच्याच वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागाने २५ वर्षांचा सोहळा केला. विभागाच्या पहिल्या डॉक्टरेटधारकांपैकी एक असलेल्या किल्डॉल यांना निमंत्रण होते. मुख्य भाषणासाठी मात्र बिल गेट्स यांना बोलाविण्यात आले, ज्यांनी दुसऱ्याच एका विद्यापीठातून शिक्षण अर्धवट सोडले होते. हे शल्य किल्डॉल यांना लागले. त्यानंतर ते आठवणी लिहायला बसले. १९९३ मध्ये लिहून झालेले ते हस्तलिखित त्यांनी मोजक्या आप्तमित्रांनाच दिले.

८ जुलै १९९४ रोजी माँटेरे येथील एका मद्यगृहात त्यांच्या डोक्याला मार लागला. तो कसा लागला, याचा पूर्ण उलगडा झाला नाही. तीन दिवसांनी, ११ जुलै रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. जन्मगावी, सिएटलच्या उत्तरेकडील दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती देण्यात आली.

उशिराचे देणे

मृत्यूनंतर पुढच्याच वर्षी सॉफ्टवेअर प्रकाशकांच्या अमेरिकी संघटनेने त्यांच्या कामाचा गौरव केला. २५ एप्रिल २०१४ रोजी पॅसिफिक ग्रोव्हमधील कंपनीच्या जुन्या इमारतीपाशी विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने स्मृतिफलक बसविला. त्याच वर्षी संगणक इतिहास संग्रहालयाने सीपी/एमच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांचा मूळ मजकूर अभ्यासकांसाठी खुला केला. २०१६ मध्ये मुलांच्या संमतीने आठवणींचा पहिला भाग लोकांसमोर आला. उरलेली प्रकरणे वडिलांच्या व्याधीच्या काळातली आहेत, म्हणून मुलांनी ती बाहेर काढली नाहीत. हा त्यांचा निर्णय समजूतदारपणाचाच म्हणावा लागेल.

किल्डॉल यांची चूक कोणती, असे विचारणारे आजही भेटतात. सही करायला हवी होती, किंमत उतरवायला हवी होती, व्यवहाराला स्वतः बसायला हवे होते. यातले काही खरेही असेल. परंतु ज्या माणसाला यंत्र समजून घेण्यात आणि ते दुसऱ्याला समजावून देण्यात रस होता, त्याला केवळ बाजाराच्या तराजूत तोलले, तर हाती हरलेला व्यापारी लागतो. ज्यांनी त्याच्या वर्गात मागच्या बाकापाशी ठेवलेला पहिला सूक्ष्मसंगणक हाताळला, त्यांच्या लेखी हा हिशेब निराळा निघेल. त्यांच्यातलेच गॉर्डन युबँक्स हे नौदल अधिकारी. किल्डॉल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी प्रबंधासाठी बेसिक भाषेचा अनुवादक लिहिला आणि पुढे सॉफ्टवेअर उद्योगात स्वतःचे स्थान निर्माण केले.

किल्डॉल यांनी शोधलेल्या किंवा रूढ केलेल्या गोष्टी अजून आपल्या घरात आहेत. विंडोजच्या संगणकात मुख्य ड्राइव्हला ‘सी’ म्हणतात, कारण ‘ए’ आणि ‘बी’ ही अक्षरे फ्लॉपीसाठी राखलेली होती. फ्लॉपी गेली, अक्षरांचा क्रम राहिला. फायलीच्या नावामागे टिंब देऊन तीन अक्षरे लिहिण्याची रीत मोठ्या संगणकांवरून घरगुती संगणकावर आली, ती त्यांच्याच प्रणालीच्या हाताने. हौशी मंडळी आता अंगठ्याएवढ्या पट्ट्यांवरही सीपी/एमची नक्कल चालवून पाहतात. पन्नास वर्षांपूर्वी परसातल्या खोपटात जे यंत्र टेबलभर पसरले होते, ते मुठीत मावते.

पट्टीला वीज जोडायची, क्षणभर थांबायचे. काळ्या पडद्यावर ‘ए’ उमटतो, पुढे बाण. ‘डीआयआर’ लिहून कळ दाबली की यादी येते. एखादे अक्षर चुकले, तर तोच शब्द प्रश्नचिन्हासह परत येतो आणि खाली पुन्हा प्रॉम्प्ट दिसतो. नवख्या विद्यार्थ्याला चुकू देणाऱ्या आणि पुन्हा लिहायला लावणाऱ्या मास्तराची ती रीत आहे.